सांडूचे दोन कोतवाल

राजूरच्या गणपतीची टेकडी मागं टाकून भोकरदनच्या वाटेला लागलं की ओढ्याच्या काठानं धनगरांची पंधरा-वीस घरं होती. त्यातल्या सांडूला जगातली दोन पाखरं अशी ओळखू यायची, की माणूस सख्ख्या भावालाही तेवढं ओळखत नसेल. दोन्ही पाखरं या मुलखातली नव्हती. समुद्रापलीकडच्या बेटावर, दिवसाही अंधार असणाऱ्या जंगलात ती राहायची आणि त्या बेटावर सांडूनं अठरा वर्षं काढली होती. काळं पाणी म्हणतात ते.

दोन्ही पाखरं कोतवालाच्या जातीतली. आपला कोतवाल मेंढरामागं फिरणाऱ्या कुणालाही माहीत. मेंढीच्या पाठीवर बसून येतो, गवतातून उठलेला किडा हवेतच टिपतो, परत पाठीवर. घार दिसली तर तिच्याही मागं लागतो. बेटावर मेंढरंच नव्हती. तरी पहिल्याच महिन्यात झाडावर काळं, दुभंगल्या शेपटाचं पाखरू बघून सांडू हातातलं काम टाकून उभा राहिला होता. आपलं माणूस भेटावं तसं झालं, म्हणायचा.

मग कळलं की इथं कोतवाल दोन तऱ्हेचे आहेत. त्यांना नावं त्यानंच ठेवली.

एक कातऱ्या. हा आपल्या कोतवालाहून दांडगा, चोच जाड, अंगावर अशी चमक की काळ्या घोंगडीवरून तेलाचा हात फिरवावा. शेपूट लांब आणि टोकाशी मेंढरं कातरायच्या कातरीसारखं उघडलेलं. कातऱ्या एकटा म्हणून राहत नाही. दहा-पंधरांचा घोळका झाडाच्या शेंड्याशेंड्यांनी कलकलाट करत जातो. एकाला ससाणा दिसला की सगळे तुटून पडतात.

दुसरा झेंड्या. हाही काळा, हाही चमकदार. पण चोचीच्या वर पिसांचा एवढासा तुरा, आणि शेपटाच्या दोन्ही कडांतून तारेसारख्या दोन बारीक काड्या लोंबलेल्या. काडीच्या टोकाला तेवढं पीस, वळलेलं. उडताना वाटावं, दोन भुंगे पाखराच्या मागं लागलेत. झेंड्या एकटा, फार तर जोडीनं. त्याला स्वतःचा आवाज होता, पण तो क्वचितच काढायचा. पोपटाचा काढायचा, साळुंकीचा काढायचा, मुकादमाची शिट्टी हुबेहूब वाजवायचा. लाकूड तोडणाऱ्या कैद्यांची सगळी टोळी कुऱ्हाडी टाकून रांगेत उभी राहायची आणि मग वर बघून शिव्या द्यायची.

वर्षातून एकदा पिसं झडतात तेव्हा झेंड्याच्या काड्या गळून जातात, आणि मग तो बराबर कातऱ्यासारखा दिसतो. यातच एक साहेब फसला होता. जंगलखात्यातला हा साहेब पाखरं पाडून, पेंढा भरून ठेवायचा. काड्या गळालेला झेंड्या त्यानं कातऱ्याच्या खोक्यात घातला. ओझं वाहून आणणाऱ्या सांडूनं भीतभीत बोट पाखराच्या कपाळावर ठेवलं. साहेबानं तुरा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून सांडूला लाकूडतोडीतून काढून पाखरांच्या कामावर घेतलं. त्या बोटानं आपला जीव वाचला, असं सांडू म्हणायचा. लाकडाच्या टोळीत दर पावसाळ्याला तापानं माणसं मरत.

त्याच्यासोबत त्याचा चुलतभाऊ कडूबाही बेटावर गेला होता. सन एकोणीसशे सहात हे दोघे मेंढरं घेऊन वऱ्हाडात उतरले होते. चराईवरून रखवालदाराशी भांडण झालं, काठ्या चालल्या, रखवालदार जागीच गेला. कुणाची काठी बसली हे ठरलं नाही. वऱ्हाडात इंग्रजाचं कोर्ट. दोघांनाही जन्मठेप झाली. सांडूचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. कडूबाची बायको बायनाबाई पंधरा वर्षांची होती, नुकतीच नांदायला आली होती.

एकोणीसशे चोवीसला सांडू सुटून आला. एकटाच. सगळी घरं ओढ्यापाशी जमली आणि एकच गोष्ट विचारू लागली. कडूबा कुठं आहे?

कडूबा बेटावर होता आणि मजेत होता. चांगल्या वागणुकीबद्दल सरकारनं त्याला तुकडाभर जमीन दिली होती. बायकांच्या जेलातली एक बाई त्यानं करून घेतली होती, कारण जमीन मिळालेल्या कैद्याला तशी मुभा होती. गावाकडं आपलं कुणी नाही, असं त्यानं अर्जात लिहून दिलं होतं. दोन मुली होत्या, एक पोरगा अंगावर पीत होता. निघायच्या आदल्या दिवशी सांडू त्याच्या झोपडीवर गेला तेव्हा कडूबानं त्याचे पाय धरले. थोरल्या भावानं धाकट्याचे पाय धरले. घरी सांग, कडूबा मेला. बायनाला मोकळी कर. एवढं कर.

जहाजात सांडूनं ते वाक्य घोकलं होतं. पण ओढ्यापाशी गर्दीच्या मागं बायनाबाई उभी होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्याकडं बघून सांडूच्या तोंडून मेला हा शब्द निघाला नाही. आणि खरं काय ते तर त्याहूनही निघेना. तो म्हणाला, कडूबाला दुसऱ्या बेटावर नेलं, तवा जित्ता होता, पुढची खबर मला न्हाई.

यात कुणाचं वाईट व्हायचं नाही, असं त्याला वाटलं.

त्यानंतर दरसाल दिवाळी झाली, मेंढरं चराईला लांबच्या रानात जायला निघाली, की बायनाबाई लोकर आणि ती कातायची चाती घेऊन सांडूच्या ओट्यावर यायची. वैनी आली की सांडू उठून उभा राहायचा. बेटाचं सांगा भाऊजी, म्हणायची. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, पण विचारायची त्याचंच. आणि सांडूला त्या बेटावरची एकच गोष्ट सांगण्याजोगी होती. तो पाखरांचं सांगायचा.

ती पण मन लावून ऐकायची. पहिल्या वर्षी तिनं नुसतं ऐकलं. मग विचारू लागली. घरटं कुठं बांधतात? दोघांचं सारखंच वैनी, फांदीच्या बेचक्यात, वाटीएवढं. दोघांची भांडणं होतात का? होत्यात, पण ससाणा आला की एक होऊन राह्यतात. नर कुठला, मादी कुठली? ते मला बी कळलं न्हाई, दोघं सारखीच दिसतात. तिनं उभ्या जन्मात जालन्यापलीकडं काही पाहिलं नव्हतं. पण काड्या गळालेला झेंड्या कातऱ्यापासून कसा ओळखायचा, हे तिला राजूरच्या बाजारात कुणी विचारलं असतं तर तिनं बिनचूक सांगितलं असतं. वस्तीवरची माणसं थट्टा करायची. पुंजाराम कारभारी, म्हणजे त्या पंधरा-वीस घरांचा पंच, एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "सांडू, सरकारनं तुला खून केला म्हणून न्हेल्तं का कोंबड्या राखाया न्हेल्तं रे?" सगळे हसले. सांडूही हसला. बायनाबाई चाती फिरवत राहिली.

अशी बारा वर्षं गेली.

छत्तीस साली कडूबाचा धाकटा भाऊ भुजंग याच्या घरात तिसरं तान्हं गेलं. सुनेची तीन बाळंतपणं, तिन्ही पोरं महिन्याच्या आत. भुजंग वाईट माणूस नव्हता. सुनेला बोल लावायचा नाही, पण रात्रंदिवस बाहेर बसून राहायचा. कुणी तरी त्याच्या मनात घातलं की कडूबाला गती मिळालेली नाही, तो घराभोवती फिरतो आहे. राजूरच्या जोशीबुवांनी सांगितलं, बारा वर्षं माणसाची खबर नसेल तर त्याला मेलेला धरावा. पळसाची तीनशे साठ पानं आणून त्यांचा माणूस करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा, आणि रीतसर अग्नी द्यावा. बायकोनं कुंकू पुसावं.

बारा वर्षं कुठून मोजायची, हा प्रश्न आला. उत्तर सोपं होतं. सांडू आला त्या दिवसापासून. शेवटची खबर त्यानंच आणली होती. म्हणून पंचांनी ठरवलं की अग्नी देण्याआधी सांडूनं बिरोबाच्या देवळात भंडारा उचलावा आणि कडूबाची आपल्याला काही खबर नाही असं म्हणावं. हळदीचा तो भंडारा मुठीत घेऊन धनगर खोटं बोलत नाही. बोललाच तर त्याच्या कुळात दिवा राहत नाही, असं सगळे मानत. सांडूही मानायचा.

भुजंगची माणसं डोंगरातून पळसाचे भारे घेऊन आली तेव्हा सांडूला कळलं की आपल्या त्या एका थापेनं काय केलं. ओढ्यापाशी तो खरं बोलला असता तर ही मोजणीच सुरू झाली नसती. आता भंडारा उचलला तर तिकडं भात खाणाऱ्या जित्या माणसाला इकडं जाळणार, आणि बायनाबाईचं कुंकू आपल्या खोट्या मुठीनं पुसलं जाणार. न उचलावा तर कारण सांगावं लागणार.

आदल्या दिवशी दुपारी तो स्वतःच तिच्या घरी गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा. बायनाबाई वाघुरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, सावलीला कातत बसली होती. त्याला बघून तिनं पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. उद्याबद्दल ती काही बोलली नाही. सांडूला सुरुवात कशी करावी ते सुचेना. जीभ आपसूक सवयीच्या वाटेला लागली. झेंड्या किती जणांचे आवाज काढायचा ते तो परत सांगू लागला. पोपट, साळुंकी, मुकादमाची शिट्टी. आणि मग पुढं बोलून गेला, की एकदा त्यानं तान्ह्या पोराचं रडणं उचललं होतं, असं हुबेहूब, की चुलीवरचा भात टाकून आई धावत बाहेर आली. पोर तर आत निजलेलं.

चाती थांबली.

"कुणाची आई?" बायनाबाईनं विचारलं.

सांडूनं तांब्या उचलला आणि न पिता परत ठेवला.

"भाऊजी, तुम्हीच सांगितलं व्हतं की तिथं बराकी हायत. आडदांड गड्यांच्या बराकी. तिथं पोर कुठून आलं?"

हे त्यानं मुद्दाम सांगितलं की चुकून निसटलं, ते त्याला अखेरपर्यंत ठरवता आलं नाही. पण आता मागं फिरता येत नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. जमीन, झोपडी, ती बाई, दोन मुली, पोरगा. कडूबानं धरलेले पायही सांगितले. फक्त अर्जातलं ते वाक्य, की गावाकडं आपलं कुणी नाही, ते त्यानं गिळलं.

बायनाबाई रडली नाही. पाखरांचं विचारायची तसंच एकेक विचारू लागली. भाकर मिळते का तिथं? न्हाई वैनी, भातच. मग त्याचं पोट दुखत असेल, भातानं दुखायचं. आता सवय झाली. ती बाई कुठली? तिकडची, तेलंगाची. पोरांशी कोणत्या बोलीत बोलतो? सगळ्यांची मिळून हिंदुस्थानीच बोलतात. आपलं बोलतच नाही? एकटा असला की बोलायचा, मेंढरं हाकल्यावानी.

मग तिनं चाती परत फिरवली. ऊन वाघुरीच्या गाठींतून खाली उतरलं.

"सुखात हाय?"

"हाय."

"तुमी बारा वर्सं माझ्या म्होरं बसून पाखरं सांगितली."

"व्हय वैनी."

"मला वाटायचं, याला सांगाया दुसरं काही ठावं न्हाई." तिनं धागा चातीवर गुंडाळला. "उद्या काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला राखायचं म्हून खोटं बोलू नका, आन मला राखायचं म्हून खरं बी बोलू नका. माझं मी बघन."

दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या देवळासमोर सगळी घरं होती. पानांचा माणूस तयार झाला होता. तीनशे साठ पानं, काथ्यानं बांधलेली, डोक्याला नारळ, त्यावर कडूबाचं जुनं मुंडासं. लांबून बघितलं तर कुणी निजलाय असं वाटावं. भुजंग अंगावर ओलं धोतर घेऊन उभा. सून बाजूला, रिकाम्या कुशीवर हात ठेवून. बायका बायनाबाईला धरून बसल्या होत्या. तिनं मंगळसूत्राचे, ओटीत सोडायचे मणी आधीच मोकळे करून ठेवले होते.

पुंजारामनं भंडाऱ्याचं ताट पुढं केलं.

"उचल सांडू. जल्दी कर, ऊन चढून राह्यलं."

सांडूनं हात पुढं केला नाही. म्हणाला, "कारभारी, मला उचलता यायचा न्हाई. कडूबा जित्ता हाय."

 भुजंग एवढंच म्हणाला, "काय बोलून राह्यलास?" सांडूनं कडूबाचा बेटावरचा संसार सांगितला. आपण बारा वर्षं खोटं बोललो हेही सांगितलं. बोलताना एकदाही त्यानं बायनाबाईकडं पाहिलं नाही. सगळे मात्र तिच्याचकडं बघत होते. ती बसली होती तशीच बसून होती.

पंच देवळाच्या ओट्यावर गेले. बराच वेळ बसले. जोशीबुवा म्हणाले, जित्याला अग्नी देता येणार नाही, तो मोठा दोष. पानांचा माणूस सोडवून पानं ओढ्यात सोडली. सांडूला एक वर्ष वाळीत टाकलं. त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, त्याच्या मेंढरात आपली मेंढरं घालायची नाहीत. सांडूनं मान खाली घालून ऐकलं. शिक्षा कमीच आहे, म्हणाला. ते कुणाला आवडलं नाही.

मग पुंजाराम बायनाबाईकडं वळला. आवाज मऊ करून म्हणाला, बाई, तिकडं दुसरं घर केलेल्या नवऱ्यापासून तुला पंच सोडचिठ्ठी देतात. आपल्यात पाट लागतो, बाईला दुसरं घर करता येतं. तुझं वय काही फार झालेलं नाही.

"मला कुणाची चिठ्ठी नको," बायनाबाई म्हणाली. "मी कुणाची वाट बघत न्हाई आता. कुंकू लावते ते लावू द्या. नवरा हाय म्हून लावते. खोटं तर न्हाई ना ते?"

पुंजारामनं भंडाऱ्याचं ताट उचलून देवळात नेलं.

भुजंग मात्र त्या दिवसापासून सांडूशी बोलेना. त्याची सून पुढच्या साली परत बाळंत झाली आणि मुलगी जगली, तरीही बोलेना. तू मला माझ्या भावाच्या नावानं बारा वर्षं झुलवलंस, एवढंच एकदा रस्त्यात म्हणाला, आणि ते खरंच होतं.

वाळीत असलेल्या सांडूच्या ओट्यावर दिवाळीनंतर कुणी आलं नाही. बायनाबाईही नाही. तिनं मात्र एक केलं. राजूरच्या शाळामास्तराकडून कार्ड लिहवून घेतलं. पत्ता सांडूनं शाळेच्या कुंपणाबाहेर उभं राहून सांगितला. कार्डात तिनं लिहायला लावलं की सासू गेली, भुजंगला नात झाली, मेंढरं बरी आहेत. तुम्हाला जाळायचं होतं ते राहिलं, काळजी नसावी. मास्तरांनी विचारलं, हे असंच लिहू? असंच, म्हणाली.

वर्षानंतर, अडतीस साली, उत्तर आलं. उर्दूत होतं, कुणाकडून लिहवून घेतलेलं. पटवाऱ्यानं वाचून दाखवलं. मी आहे. थोरलीचं लग्न झालं. सांडूला कुणी बोलू नये. बायनाबाईनं ते कार्ड घेतलं आणि पत्र्याच्या डबीत ठेवलं.

पुढं लढाई लागली. ते बेट जपान्यांनी घेतलं अशी खबर जालन्याहून येणाऱ्या लोकांनी आणली. नंतर सोडलं, अशीही आली. कार्ड आलं नाही. बायनाबाईनं तीन पाठवली, तिन्हींचं उत्तर नाही. सांडू थकला. मेंढरं विकून तो दोन शेळ्यांवर आला. वाळीतलं वर्ष केव्हाच संपलं होतं, पण माणसं त्याच्याकडं जायची विसरून गेली होती.

अठ्ठेचाळीसचा पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं. रझाकारांच्या भीतीनं रानात पांगलेली माणसं घरी आली. त्याच आठवड्यात भुजंग सांडूच्या ओट्यावर आला. बारा वर्षांनी. उभा राहूनच बोलला. भाऊ जित्ता असेल असं त्याला आता वाटत नव्हतं. लढाईत तिकडं लोक उपाशी मेले, असं कानावर आलं होतं. बारा वर्षं परत भरली आहेत. आता कडूबाची खबर खरंच कुणाला नाही.

सांडूनं आपला उजवा हात उघडून बघितला. मोठा, वाकलेल्या बोटांचा हात.

"आता मला उचलता येईल भंडारा," तो म्हणाला. "आता खोटं न्हाई व्हणार. पर आधी वैनीला इचार."

दोघे मिळून गेले. बायनाबाईला दिसायला कमी आलं होतं, पण चाती चालू होती. भुजंगनं सांगितलं ते तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कुठून मोजलंस?" तिनं विचारलं.

"सांडू बोलला त्या दिसापासून. छत्तीस सालापासून."

"कार्ड कवा आलं?"

भुजंगनं सांडूकडं पाहिलं. सांडूनं उत्तर दिलं. अडतीसला, वैनी.

"मंग कार्डापासून मोज," बायनाबाई म्हणाली. "अजून दोन वर्सं हायत." आणि तिनं दोघांसाठी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

आधी भुजंग प्यायला. मग त्यानं तांब्या सांडूच्या हातात दिला.